सहावी पकड

कॉनच्या अंत्यविधीला त्याच्या जुन्या क्लबाचे ब्लेझर आले होते. आत माणसंही होती, पण आधी दिसायचे ते ब्लेझर: गडद हिरवे, पितळी बटणांचे, खिशावर सोनेरी दोऱ्याने भरलेला एक पक्षी. तो गरुड असावा असा भरणाऱ्याचा हेतू दिसत होता. चर्चच्या दारापासून शववाहिकेपर्यंत त्यांनी दोन रांगा केल्या आणि मधून कॉनला नेलं. माझ्या शेजारचा ब्लेझर म्हणाला, "लेजंड होता, लेजंड." मी मान हलवली. आयर्लंडमध्ये माणूस गेला की मातीआड व्हायच्या आत लेजंड होतो. त्याआधी तो नुसता शेजारी असतो. माझा तो बरीच वर्षं शेजारी होता, म्हणून मी शेजाऱ्याबद्दल लिहितो. लेजंडची व्यवस्था क्लब बघेल.

डब्लिनमध्ये घर घेणं आमच्या कुवतीबाहेर होतं म्हणून आम्ही पोर्टलीशला घेतलं. तिथून मी ज्या औषधाच्या कारखान्यात काम करतो तिथवर गाडीने जाता येतं आणि वाटेत चिडायला पुरेसा वेळही मिळतो. घर जोडघर, एक भिंत सामाईक. पहिल्याच आठवड्यात सकाळी दार वाजलं. उघडलं तर पलीकडचं आकाश दिसेना. समोर एक माणूस उभा होता. नाक एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मोडलेलं, त्यामुळे शेवटी साधारण मध्ये आलेलं. कान मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यांसारखे. त्याने एका हातात आमची कचऱ्याची हिरवी बिन उचलून धरली होती, भरलेली.

"हिरवी आज नसते," तो म्हणाला. "आज काळी. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं. ते त्याच्या तोंडात बसेना, म्हणून आडनाव सांगितलं. देशमुख. त्याने क्षणभर विचार केला.

"डेसी," तो म्हणाला.

पिढ्यान्‌पिढ्यांची देशमुखी तिथे संपली. इथे डेसी नावाची माणसं गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्यात मी एक झालो. वयाने कॉन मला काकाच्या जागी, पण इथे काका म्हणायची सोय नाही, म्हणून मीही अरेतुरेच करतो आहे. त्याचं बोलणं मराठीत देतोय. मुळात त्याच्या प्रत्येक वाक्यात आणखी एक शब्द दोन-तीनदा यायचा. तो गाळला की वाक्य निम्मं होतं, एवढं ध्यानात ठेवावं.

कॉन तेव्हा टँकर चालवायचा, घरोघर हीटिंगचं तेल पोचवायचा. त्याची बायको शीला मूळची उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणगावची. ती सगळ्यांना 'लव्ह' म्हणायची, पोस्टमनपासून माझ्या बायकोपर्यंत. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते फार आवडायचं. घरात तिला असं कुणी म्हणत नव्हतं.

रग्बी नावाचे खेळ दोन आहेत हे मला कॉनकडून कळलं. एक युनियन, दुसरा लीग. दोन्हींत चेंडू अंड्यासारखा आणि दोन्हींत दांडगी माणसं एकमेकांवर आदळतात. बाहेरच्याला फरक कळत नाही. एकाच संप्रदायाच्या दोन मठांत असतो तेवढाच तो असल्यामुळे वैरही तितकंच कडवं. कॉनने मला फरक सांगितला तो आमच्या मागच्या हिरवळीवर, माझ्या हातात चेंडू देऊन आणि मला अलगद आडवं करून.

"युनियनमध्ये असा पडलास की चेंडू सोडायचा आणि पडून राहायचं. मग दोन्हीकडची माणसं तुझ्यावर चढतात आणि ढकलाढकली करतात. लीगमध्ये पाडलं की सगळे बाजूला होतात. ऊठ. चेंडू जमिनीवर ठेव. आता पायाने मागे सार."

मी सारला. चेंडू मागे गेला आणि कुंडीला लागला.

"तिथे तुझा माणूस उभा असतो. तो उचलतो, खेळ पुढे जातो. अशा सहा पकडी. सहाव्या पकडीला चेंडू समोरच्यांचा."

"आणि मागे तो माणूस नसला तर?"

"असतोच," कॉन म्हणाला. "मागे बघायचं नसतं."

हा सहाचा नियम त्याने मैदानावरून घरी आणला होता. कुठल्याही वादात तो आपलं म्हणणं सहा वेळा मांडायचा, जास्त नाही. कुंपणाची झुडपं किती कापावीत, क्रिकेटला खेळ म्हणावं का, प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, चहाचे मग कुठल्या फळीवर असावेत. सहाव्यांदा सांगून पटलं नाही की तो दोन्ही तळवे वर करायचा. "सहा झाल्या. चेंडू तुझा." आणि खरंच गप्प व्हायचा, तेही फुगून नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या कारखान्यातल्या मीटिंगांना हा नियम लावावा असं मला फार वाटायचं. तिथे चेंडू सोमवारी एकाच्या हातात जातो आणि शुक्रवारीही त्याच्याच हातात असतो.

त्याचं गाव किलकेनीजवळ. त्या भागात पोर चालायला लागलं की त्याच्या हातात हर्लिंग या तिथल्या खेळाची काठी देतात. रग्बीवाले तिथे मूठभर, आणि मूठभर असल्यामुळे अभिमानी. बाप क्लबाचा जुना कर्णधार. मोठा भाऊ जिम पुढच्या फळीतला, कॉन मागच्या फळीतला पळणारा. कॉन प्रांताच्या संघापर्यंत पोचला. क्लबात त्याचा फोटो लागला, बारच्या वर, बापाच्या फोटोशेजारी. त्या काळी युनियन खेळणाऱ्याने खेळाचा मोबदला घ्यायचा नसे. सभ्य माणसांचा खेळ. सभ्य माणसांची शेती, वकिली किंवा दवाखाना मागे चालू असे, हे त्यात गृहीत होतं. कॉनकडे गॅरेजातली नोकरी होती, आणि मग गॅरेज बंद पडलं.

उत्तर इंग्लंडमधले लीगवाले मोबदला देत. म्हणून लीग पाप. लीगचा एक सामना खेळला, नुसती चाचणी दिली, तरी युनियन त्या माणसाला जन्मभरासाठी बाहेर काढी. खेळणं दूरच, त्याने क्लबच्या बारमध्ये पाऊल ठेवायचं नाही. यातून लीगवाल्यांनी एक पद्धत काढली होती. चाचणीला आलेला माणूस खोट्या नावाने खेळायचा. संघाच्या यादीत त्याच्या जागी 'ए. एन. अदर' छापायचे, म्हणजे आपला अमुक तमुक. जमलं तर नाव उघड करायचं. नाही जमलं तर गुपचूप घरी, कुणाला पत्ता नाही.

"मी तीन सामने अमुक तमुक होतो," कॉन सांगायचा. "तिसरा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत भारी सामना. चार ट्राय केल्या, म्हणजे चारदा चेंडू समोरच्यांच्या रेषेपार टेकवला. लोक उभे राहून ओरडत होते. काय ओरडणार? 'शाब्बास, अमुक तमुक.' दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्याबद्दल रकाना भरून आला होता, आणि माझं नाव कुठेच नव्हतं."

"मग?"

"मग खरं नाव दिलं. इतका भारी खेळून माणूस बिननावाचा किती दिवस राहणार, डेसी?"

नाव दिलं त्या आठवड्यात बापाने स्टुलावर चढून बारच्या वरचा फोटो स्वतः काढला. जिमने स्टूल धरलं होतं. ही गोष्ट कॉनला आईने सांगितली. त्यानंतर बाप त्याच्याशी बोलला नाही, आणि बाप बोलत नाही म्हणून जिमही नाही.

पुढे काही वर्षांनी युनियनच्या मोठ्या लोकांनी कुठल्याशा हॉटेलात बैठक घेतली आणि ठरवलं की मोबदला घेणं आता पाप नाही. जन्मभराच्या बंद्या उठल्या. हीच माणसं पुढे ब्लेझर घालून टीव्हीवर करारांची चर्चा करू लागली. संस्था एका बैठकीत मत बदलू शकते. घरात बैठका होत नाहीत. कॉनचा गुडघा गेला तेव्हा तो शीलाला घेऊन आयर्लंडला परतला, पण गावी नाही. पोर्टलीशला राहिला, गावापासून तासाभराच्या आत. बोलावलं तर लगेच निघता येईल इतकं जवळ, आणि बोलावत नाहीत हे रोज दिसणार नाही इतकं लांब.

जिमशी बोलायचा त्याने किती वेळा प्रयत्न केला ते त्याला विचारावं लागत नसे. तो मोजत होता. पहिल्या वेळी नाताळात घरी गेला. जिमने दार उघडलं आणि लावलं. दुसऱ्यांदा, बंदी उठली तेव्हा फोन केला. तिसऱ्यांदा बापाच्या अंत्यविधीला. चर्चमध्ये एक क्षण येतो, पाद्री सांगतात की आता एकमेकांना शांती द्या, आणि सगळे शेजारच्यांशी हात मिळवतात. जिमने डावीकडच्याशी मिळवला, मागच्याशी मिळवला, वळून बाकाच्या पलीकडच्या म्हाताऱ्याशी मिळवला. उजवीकडे कॉन हात पुढे करून उभा होता. चौथ्यांदा जिमचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा. कॉन द्राक्षं घेऊन गेला, जिमने भिंतीकडे तोंड केलं.

"द्राक्षं मी गाडीत बसून खाल्ली," कॉन म्हणाला. "बरी होती."

पाचवी वेळ माझ्या वडिलांमुळे आली.

बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे येऊन राहिले होते. गाव वर्ध्याकडचं. तरुणपणी गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळलेले. मांडीवर थाप मारायची सवय अजून गेली नव्हती, टीव्हीवर बातम्या बघतानाही मारायचे. इंग्रजी अजिबात नाही. कॉनने त्यांचं नाव 'बिग डेसी' ठेवलं. बाबा त्याला 'कॉनभाऊ' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी कॉनला आपादमस्तक पाहिलं आणि मला विचारलं, "हा माणूस पयतो कसा बे? ह्याले तं उभं राहाले दोन एकर लागते."

मी भाषांतर केलं, जरा सौम्य करून. कॉनला फार आनंद झाला. दोघे मागच्या हिरवळीवर गेले. बाबांनी चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि कॉनला हाताने खूण केली: ये. कॉन आला. बाबांनी खाली वाकून त्याचा घोटा धरला. आयुष्यभर माणसांच्या वरच्या अंगावर आदळलेला तो डोंगर हलकेच हिरवळीवर बसला. मुद्दाम बसला असेल, पण बाबांना ते कुणी सांगितलं नाही. ते परत जायच्या दिवशीही सांगत होते, "थ्या कॉनभाऊले पायलाच हातात घोट्यात धरलं."

एका दुपारी मी मध्ये बसून बाबांना कॉनची हकीकत सांगितली. युनियन, लीग, फोटो, जिम. मला वाटलं समजावून सांगावं लागेल. बाबांनी दोन वाक्यांत हात वर केला.

"समजलं. आमच्या गावात सुकदेव होता. मंडय सोडून वीज कंपनीच्या टीममंदी गेला, नोकरी भेटली म्हणून. त्याच्या घरी खायाले नोयतं, जाईन नाई तं काय करीन? पोयाच्या दिवशी त्याचे बैल दारोदार फिरले, कोनं पूजा नाई केली. बैलाचं काय चुकलं होतं बे?"

"मग काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"काय होते? बैल मेले, सुकदेवबी मेला. आता गावात मंडयबी नाई." मग कॉनकडे वळून ते सरळ मराठीतच म्हणाले, "कॉनभाऊ, बोलत नाई म्हनता, तं जाऊन बसा ना त्याच्या दारात. आपल्या सख्ख्या भावाच्या दारात बसाले लाज कायची?"

मी सांगितलं. कॉनने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बिग डेसी येणार असेल तर जाऊ."

शनिवारी मी दोघांना गाडीत घालून नेलं. जिमचं शेत गावाबाहेर, अंगणात गोठा, एक पिवळा ट्रॅक्टर, दोन कुत्री. जिम ट्रॅक्टरखाली होता. आम्ही उतरलो तसा बाहेर आला. कॉनचाच चेहरा, फक्त नाक न मोडलेलं. त्याने कॉनकडे पाहिलं, बाबांच्या धोतराकडे जास्त वेळ पाहिलं, आणि गोठ्यात निघून गेला. कॉन आणि बाबा अंगणातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. मी गाडीत. पाऊस भुरभुरत होता. इथे तो थांबतो तेव्हाच लक्षात येतो. गोठ्यातून घणाचे आवाज येत होते. गोठ्यात ठोकण्यासारखं एवढं काय असतं मला माहीत नाही.

बऱ्याच वेळाने घरातून जिमची बायको आली. एका ट्रेमध्ये तीन कप चहा, वर बशा झाकलेल्या. तिने तो कट्ट्यावर ठेवला आणि गोठ्याच्या दिशेने एकदा बघून परत गेली. आम्ही चहा प्यायलो. घणाचे आवाज चालू राहिले. मग कॉन उठला.

परतताना तो म्हणाला, "पाच झाल्या."

बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "चहा आला ना? चहा आला म्हनजे दार पुरं लागलं नाई."

हे भाषांतर मी शब्दशः केलं. कॉनने खिडकीकडे तोंड केलं आणि पोर्टलीश येईपर्यंत तिकडेच ठेवलं.

बाबा परत गेले. कॉन निवृत्त झाला. निवृत्त झाला असं आम्ही म्हणायचो. खरं असं झालं की त्याने एका बाईच्या घरी तेल पोचवलं आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच पोचवायला गेला. मग बिनचे वार चुकू लागले. आधी मला गंमत वाटली, कारण तोवर वार फक्त माझेच चुकायचे. एके दिवशी मी कामावरून आलो तर कॉन आमच्या सोफ्यावर बसून टीव्ही बघत होता आणि मेधा त्याला चहा देत होती. तो तिला अत्यंत अदबीने म्हणाला, "थँक्यू. शीला बाहेर गेलीय का?"

"येईलच इतक्यात," मेधा म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन शीलाला फोन लावला.

डब्लिनच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. कॉनने त्याचं सार मला दोन्ही हिरवळींमधल्या बुटक्या भिंतीपाशी सांगितलं. "माझ्या डोक्यात दुसऱ्यांचे गुडघे राहून गेलेत, डेसी. आता ते सामान हलवतायत."

"काय म्हणतात पुढे?"

"पुढे उतार." मग भिंतीवर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "माझी एक उरलीय. ती वापरायची तर जिम कोण हे मला आठवतंय तोवर वापरायला हवी."

"मग उद्याच जाऊ. मी सोडतो."

"शेवटची पकड अशी मैदानाच्या आपल्याच अर्ध्यात वाया घालवत नाहीत. जागा बघावी लागते."

जागा क्लबाने दिली. क्लबाचा नवा सेक्रेटरी तरुण होता, कुठल्याशा कंपनीत मार्केटिंगमध्ये. वर्धापनदिनाच्या निमित्ताने 'वारसा' आणि 'समावेशकता' या दोन गोष्टी एकत्र साजऱ्या कराव्यात असं त्याच्या मनात आलं होतं. तो स्वतः कॉनच्या घरी आला. फोटो परत लागेल, भाषण होईल, आधी माजी खेळाडूंचा चालत खेळायचा सामना, पाडापाडी नाही, नुसता हात लावायचा. "आमचे अध्यक्ष स्वतः तुमचं स्वागत करतील," तो म्हणाला. अध्यक्ष जिम होता. सेक्रेटरीला हे दोघे भाऊ आहेत हे माहीत होतं, पण ते बोलत नाहीत हे त्याच्या वारशात आलेलं नव्हतं.

कॉनने तयारी सुरू केली. काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. लांब बोललो तर मधलं हरवेल, म्हणून वाक्य अगदी छोटं निवडलं. रोज भिंतीपाशी येऊन माझ्यावर त्याची तालीम करायचा.

"जिम, घरी चहाला ये."

"छान."

"जास्त झालं का?"

"नाही. नेमकं आहे."

"ग्रँड," म्हणायचा, आणि आत जायचा. थोड्या वेळाने परत यायचा. "जिम, घरी चहाला ये." एकदा तो मलाच जिम म्हणाला, पण तालीम होती, मी हो म्हटलं.

वर्धापनदिनाला कॉन आणि शीलाला मीच घेऊन गेलो. ऊन होतं. मैदानाभोवती झेंडे लावले होते, आणि रेषेबाहेर ब्लेझर ओळीने उभे होते, मध्ये जिम, गळ्यात अध्यक्षपदाची साखळी. आपल्याकडे नगराध्यक्षाला घालतात तशी. ती घातली की माणसाला मान वळवता येत नाही. कॉनने पांढरी चड्डी आणि जुनी जर्सी घातली होती. त्याने दुरूनच जिमला पाहिलं आणि मला कोपर मारलं. "युअर मॅन," तो म्हणाला. इथे 'तो बघ, तो' असं म्हणायला हे म्हणतात. त्याला आठवत होतं. मी शीलाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

सामना सुरू झाला. पोटं सुटलेली माणसं हसत हसत चालत होती. चेंडू कॉनकडे आला आणि तो चालला नाही, पळाला. गुडघा गेलेला माणूस कसा पळतो ते मी सांगू शकत नाही, पण दोन जण त्याच्यामागे राहिले. तिसऱ्याने हात लावला, कॉनचा पाय घसरला, तो पडला. आणि तो उठला. सरळ उभा राहिला, चेंडू पायापाशी ठेवला, आणि पायाने मागे सारला.

मागे कुणी नव्हतं. युनियनच्या मैदानावर तिथे कुणी उभं राहत नाही. चेंडू गवतावर थोडा गेला आणि कलंडून थांबला. पंचाने शिट्टी वाजवली, मग आपण का वाजवली हे त्याला कळेना. कुणीतरी हसलं आणि थांबलं. कॉन समोर बघत उभा होता, गुडघे जरासे वाकवून, पुढच्या क्षणी खेळ पुढे जाईल अशा तयारीत. मागे बघायचं नसतं.

मी जिमकडे बघत होतो. त्याचा एक पाय पांढऱ्या रेषेच्या आत आला होता. मला ते नक्की दिसलं. बूट काळा होता, पॉलिश केलेला, आणि गवतात होता. मग माइकवरून सेक्रेटरी म्हणाला, "काय पळाला आपला कॉन, टाळ्या होऊन जाऊ द्या," आणि टाळ्या झाल्या, आणि तो बूट परत रेषेबाहेर गेला. शेवटी शीला गेली. हातात पर्स घेऊन, गवतात रुतणाऱ्या टाचांनी चालत. तिने चेंडू उचलला, कॉनच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "झाला खेळ, लव्ह."

नंतर हॉलमध्ये फोटो लागला, बापाच्या फोटोशेजारी, त्याच खिळ्यावर. भाषणात 'परतलेला सुपुत्र' होता, 'जखमा' होत्या, 'एक कुटुंब' होतं. मग सेक्रेटरीने कॉनला हाताला धरून जिमसमोर आणलं. जिमने हात पुढे केला. इतक्या वर्षांनी, जणू चर्चमधल्या त्या बाकाच्या उजव्या बाजूला.

कॉनने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग तो हात दोन्ही हातांत घेतला आणि हसला, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं, मनापासून.

"छान आहे तुमचा क्लब," तो म्हणाला. "तुमचं कुणी खेळतं का इथे?"

जिमच्या गळ्यातली साखळी हलली.

परतताना गाडीतून पोर्टलीशचे दिवे दिसायला लागले तेव्हा कॉन म्हणाला, "जिम आलाच नाही आज."

शीला बाहेर बघत होती. मी म्हटलं, "पुढच्या वेळी येईल."

"मग एक शिल्लकच आहे," कॉन म्हणाला आणि त्याला बरं वाटलेलं दिसलं.

वर्षभरात शीलाला तो एकटीने आवरेना, आणि गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये त्याला ठेवावं लागलं. मी रविवारी जायचो. शेवटचं पाहिलं ते अशाच एका रविवारी दुपारी. कॉरिडॉरमध्ये शिरलो तर लांबवर कॉन खुर्चीतून उठत होता. एका हाताने भिंतीचा कठडा धरून, दुसऱ्या हातात रग्बीचा चेंडू, सावकाश. उभा राहिला, चेंडू लिनोलियमवर ठेवला आणि पायाने मागे सारला. मागे टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. तो कमरेवर हात ठेवून वाकला, कण्हला आणि त्याने चेंडू उचलला. तो जिम होता. नर्स म्हणाली की तो बरेच रविवार येतोय, किलकेनीहून, सकाळची दुधं काढून.

मी जवळ गेलो नाही. पाण्याच्या मशीनपाशी थांबलो.

"तू चांगला उभा राहतोस," कॉन त्याला म्हणत होता. "नवा आहेस का?"

"कॉन, मी जि—"

"शू." कॉनने बोट ओठांवर ठेवलं आणि दोन्ही बाजूंना पाहिलं. "नाव सांगू नकोस. चाचणीवर आहेस ना? इथे सगळे अमुक तमुक असतात. नाव बाहेर पडलं की घरचे बोलणं टाकतात." तो जरा थांबला. "बाप टाकतो त्याचं एक वेळ काही नाही. भाऊ आहे तुला?"

"आहे," जिम म्हणाला.

"मग तर नकोच सांगू."

जिम चेंडू पोटाशी धरून उभा राहिला. टोपीखाली त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. मग त्याने पुढे होऊन चेंडू कॉनच्या हातात दिला आणि परत मागे, आपल्या जागी, जाऊन उभा राहिला.

कॉनने समोर तोंड केलं. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती, तिच्याकडे बघत त्याने विचारलं, "कितवी?"

जन्मभर युनियन खेळलेल्या माणसाला हा लीगमधला पकडींचा हिशेब कळायचं काही कारण नव्हतं. पण जिमला वेळ लागला नाही.

"पहिली," तो म्हणाला.

"मागे राहा," कॉन म्हणाला, आणि मागे न बघता निघाला.